दशावताराचं चित्रण: प्रत्येक संगणकावर रंग वेगळे का दिसतात?

खाडीकाठ

कार्तिकात जत्रा सुरू होतील, त्याआधी हा प्रश्न सोडवून टाकायचा आहे.

सामान असं: एक मिररलेस कॅमेरा (एस-लॉग३ मध्ये, म्हणजे फिक्या 'लॉग' प्रोफाइलमध्ये, ज्याचे रंग नंतर बसवतात), एक आयफोन, विंडोज लॅपटॉप आणि डेव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ संपादनाच्या प्रोग्रॅमची मोफत आवृत्ती. व्हिडिओ यूट्यूबवर जातो. बघणारे बहुतेक मुंबई-पुण्यातले चाकरमानी. ते कामाच्या संगणकावर किंवा लॅपटॉपवर बघतात, टीव्हीवर फार थोडे.

तक्रारी तीन:
१. एकच फाइल माझ्या लॅपटॉपवर ठीक, मॅकवर फिकी, आणि एका जुन्या डेस्कटॉपवर इतकी काळी की संकासुराचा काळा पोशाख मागच्या काळोखात विरून जातो.
२. निळ्या एलईडीखाली पात्राचा चेहरा म्हणजे नुसता निळा गोळा. नाक-डोळे दिसत नाहीत.
३. समुद्रावरच्या सूर्यास्तात आभाळाला पट्टे पडतात.

रंग कितीही फिरवले तरी एकीकडे सुधारतं आणि दुसरीकडे बिघडतं. सुरुवात कुठून करायची?

काजूबोंड

आदी स्क्रीन बगा, मगे रंगाक हात लावा. :)

तरंगमापी

काजूबोंड गमतीत बोलले तरी क्रम तोच आहे. तुमच्या पहिल्या तक्रारीत दोन वेगळे आजार एकत्र झालेत. एक रेंजचा (काळ्या-पांढऱ्याच्या हद्दी), दुसरा गॅमाचा (मधल्या छटा किती उजळ दिसतात ते). रंगाची चाकं फिरवून यातला एकही बरा होत नाही, म्हणून एकीकडे सुधारलं की दुसरीकडे बिघडतं.

आधी रेंज. ८ बिट व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात, त्याला लिमिटेड किंवा व्हिडिओ रेंज म्हणतात. संगणकाच्या स्क्रीनला मात्र ० ते २५५ लागतं. प्लेअरने १६ चा ० आणि २३५ चा २५५ करून दाखवायचा असतो. या साखळीत कुणी एकानेही चुकीचं गृहीत धरलं की दोनपैकी एक गोष्ट घडते:

लिमिटेड फाइल फुल समजून दाखवली, तर काळा कधीच काळा होत नाही. तो साधारण ६ टक्क्यांवर लटकतो, पांढरा ९२ वर थांबतो आणि चित्रावर धुकं पसरल्यासारखं दिसतं.

फुल फाइल लिमिटेड समजून दाखवली, तर १६ च्या खालचं सगळं काळ्यात बुडतं आणि २३५ च्या वरचं पांढऱ्यात जळतं. संकासुराचा पोशाख तिथेच जातो.

रिझॉल्व्हमध्ये दोन जागा बघा. क्लिपवर राइट क्लिक करून क्लिप ॲट्रिब्यूट्समध्ये डेटा लेव्हल्स, आणि डिलिव्हर पानावर ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये पुन्हा डेटा लेव्हल्स. दोन्ही 'ऑटो'वर असू द्या. निर्यात करताना तुम्ही 'फुल' निवडत असाल तर जुन्या डेस्कटॉपच्या रोगाचं मूळ बहुधा तिथेच आहे.

फाइल बरोबर असेल तर त्या डेस्कटॉपची केबल तपासा. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर कधी लिमिटेड सिग्नल गृहीत धरतो आणि ग्राफिक्स कार्ड मात्र फुल पाठवतं, मग काळा बुडतो; उलट झालं तर चित्र फिकं पडतं. कार्डाच्या कंट्रोल पॅनलमधली आउटपुट डायनॅमिक रेंज आणि मॉनिटरची रेंज, दोन्ही 'फुल' करा. हा दोष ओळखायला सोपा, कारण तो फक्त व्हिडिओत नसतो. डेस्कटॉपवरचे फोटो आणि फोल्डरसुद्धा तसेच दिसतात.

गॅमाचं रात्री लिहितो.

जांभा

तोवर स्क्रीनबद्दल. स्वस्त लॅपटॉपच्या जाहिरातीत '४५ टक्के एनटीएससी' (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं माप) लिहिलेलं असतं. असं पॅनल एसआरजीबीचा (संगणकाच्या रंगांच्या नेहमीच्या मानकाचा) ढोबळमानाने दोन तृतीयांशच भाग दाखवतं. त्यावर लाल रंग कधीच पुरेसा लाल दिसत नाही. मग माणूस सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) चढवत राहतो, आणि चांगल्या स्क्रीनवर शिमग्यातला गुलाल विजेच्या दिव्यासारखा पेटतो. रंगाचं काम करायचं तर निदान '७२ टक्के एनटीएससी' किंवा '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेलं आयपीएस पॅनल घ्या.

कॅलिब्रेशनचं (स्क्रीनचे रंग मोजून जुळवायचं) यंत्र असेल तर डिस्प्लेकॅल हा मोफत प्रोग्रॅम चालतो. लक्ष्य ठेवा: व्हाइट पॉइंट डी६५ (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा), गॅमा २.२, प्रकाश १०० ते १२० निट (स्क्रीनच्या उजेडाचं एकक). स्क्रीन आधी अर्धा तास चालू राहू द्या, थंड स्क्रीनचं मोजमाप नंतर सरकतं.

यंत्र नसेल तर फुकटची चाचणी आहे. एक चित्र बनवा. डाव्या अर्ध्यात एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा आडव्या रेघा, उजव्या अर्ध्यात सपाट राखाडी, तिन्ही आकडे १८६. चित्र १०० टक्के आकारात उघडा आणि विंडोजचं स्केलिंगही १०० करा, नाहीतर रेघा पुसट होऊन चाचणी खोटी ठरते. तीन-चार हात मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा. दोन्ही भाग सारखे दिसले तर गॅमा २.२ च्या आसपास आहे. रेघांचा भाग उजळ वाटला तर गॅमा २.२ पेक्षा जास्त, काळपट वाटला तर कमी. २.४ साठी तोच राखाडी १९१ लागतो, १.८ साठी १७४.

दुसरं चित्र काळ्याचं. ० च्या पार्श्वभूमीवर ५, १०, १५, २० चे चौकोन. काळोख्या खोलीत १० चा चौकोन जेमतेम दिसायला हवा. २० चाही दिसत नसेल तर त्या स्क्रीनवर दशावताराचा रात्रीचा प्रवेश दुरुस्त करायला बसूच नका.

काजूबोंड

यात कोकणचा खास मुद्दा घाला. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, आणि बॅटरीवर ग्राफिक्स ड्रायव्हरची वीजबचत चालू होते. चित्र जसं गडद-उजळ होईल तसा ती बॅकलाइट आणि कॉन्ट्रास्ट आपोआप बदलते. दोन शॉट जुळवत असाल तर जुळणी गेलीच. ड्रायव्हरच्या पॅनलमध्ये जाऊन ते कायमचं बंद करा. नाइट लाइट, 'व्हिव्हिड' मोड, ॲडॅप्टिव्ह ब्राइटनेस हेही बंद.

ब्राउझरमधला व्हिडिओ वेगळा आणि बाकी सगळं ठीक, असं असेल तर ड्रायव्हरचं 'व्हिडिओ एन्हान्समेंट' बघा. ते फक्त व्हिडिओचे रंग बदलतं. तिथे 'व्हिडिओ प्लेअरच्या सेटिंगनुसार' निवडायचं.

तरंगमापी

आता गॅमा.

एचडी व्हिडिओचं मानक रेक.७०९, १९९० चं. एसआरजीबी १९९९ चं. दोघांचे मूळ रंग आणि पांढरा एकच आहेत, म्हणून 'टीव्हीचे रंग वेगळे, संगणकाचे वेगळे' हे अर्धंच खरं. फरक गॅमाचा. अंधाऱ्या खोलीतल्या टीव्हीसाठी २.४ धरतात (ते मानक बीटी.१८८६, २०११ चं), उजेडातल्या संगणकासाठी साधारण २.२. आणि मॅकवर ७०९ चा टॅग असलेली फाइल क्विकटाइममध्ये उघडली की ती जवळपास १.९६ ने उलगडते.

हे आकड्यात बघा. सिग्नल २० टक्के आहे, म्हणजे पोशाखाच्या चुण्या. २.४ वर त्याचा प्रकाश पांढऱ्याच्या २.१ टक्के, २.२ वर २.९ टक्के, १.९६ वर ४.३ टक्के. एकाच फाइलची सावली मॅकवर टीव्हीच्या दुप्पट उजळ! पांढरा मात्र सगळीकडे तोच राहतो. म्हणून चित्र 'फिकं' वाटतं, 'उजळ' नाही. तुमची मॅकची तक्रार हीच.

रिझॉल्व्हमध्ये 'रेक.७०९-ए' नावाचा पर्याय आहे. मॅकवर काम करणाऱ्यांचा व्ह्यूअर आणि क्विकटाइम जुळावेत म्हणून तो दिलाय. विंडोजवर काम करताना त्याच्या नादी लागू नका. मॅकवर बघून सावल्या खाली ओढल्या की विंडोजवाल्यांना अंधार दिसतो, आणि तुमचे बहुतेक प्रेक्षक तिथेच आहेत.

भरतीओहोटी

थोडं असहमत. आउटपुट २.४ च ठेवावं असं माझं मत. उद्या तोच व्हिडिओ कुणी टीव्हीवर लावला, किंवा स्थानिक केबलवाल्याने मागितला, तर २.२ वर केलेलं काम तिथे गडद पडेल. मानक एकच धरा, प्रत्येक स्क्रीनच्या मागे धावू नका.

तरंगमापी

@भरतीओहोटी, मानक धरावं हे मान्यच. पण मानकात खोलीही येते. २.४ हे मंद उजेडातल्या खोलीसाठी आहे. खिडकीशेजारी दिवसाउजेडी बसून २.४ च्या स्क्रीनवर काम केलं तर हात आपोआप सावल्या उचलतो, आणि फाइल शेवटी २.२ वर केल्यासारखीच होते. ज्यांचा प्रेक्षक संगणकावर आहे त्यांनी स्क्रीन २.२, खोलीत मंद पांढरा उजेड, आणि रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइन व आउटपुट दोन्ही 'रेक.७०९ गॅमा २.२'. केबलला द्यायची वेळ आली तर शेवटी २.२ ते २.४ असं एक कलर स्पेस ट्रान्सफॉर्म (एका मानकातून दुसऱ्यात नेणारं साधन) जोडून वेगळी प्रत काढा. पाच मिनिटांचं काम.

भरतीओहोटी

वेगळी प्रत काढणार असाल तर हरकत नाही. बरेच जण काढत नाहीत, म्हणून बोललो.

रापण

दुसऱ्या तक्रारीकडे येतो, कारण यंदा बहुतेक मंडपांत एलईडी पारच (रंगमंचाचे रंगीत दिवे) असणार.

निळा एलईडी रेक.७०९ च्या बाहेरचा रंग टाकतो. सेन्सरचा निळा चॅनल भरून सांडतो, लाल आणि हिरवा जवळपास रिकामे राहतात. चेहऱ्याचा आकार ज्या चॅनलमध्ये असायला हवा तोच सपाट झालेला. आणि हे चित्रीकरणाच्या वेळी कळत नाही, कारण ब्राइटनेसच्या हिशेबात निळ्याचा वाटा फक्त ७.२ टक्के आहे (लाल २१.३, हिरवा ७१.५). निळा पूर्ण सांडला तरी साधा वेव्हफॉर्म (ब्राइटनेसचा आलेख) तळाशी पडून असतो. छायाचित्रकाराला वाटतं चित्र काळोखं आहे, तो एक्सपोजर आणखी वाढवतो. इथे आरजीबी हिस्टोग्राम किंवा आरजीबी परेडच (लाल, हिरवा, निळा वेगळे दाखवणारे आलेख) लावायची, ब्राइटनेसचा आलेख नाही.

चित्रीकरणात: निळा प्रवेश आला की एक ते दीड स्टॉप खाली या (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश). लाइटवाल्याला आधीच सांगून निळ्यात थोडा पांढरा किंवा अंबर मिसळून घ्या. प्रेक्षकांना निळंच दिसतं, कॅमेऱ्याला मात्र लाल-हिरव्यात नाक-डोळे मिळतात. हा एक निरोप नंतरच्या दोन तासांच्या खटपटीपेक्षा स्वस्त.

नंतरच्या दुरुस्तीत: लॉग फाइल ७०९ मध्ये आणण्याच्या *आधीच्या* नोडवर (रिझॉल्व्हमधल्या दुरुस्तीच्या टप्प्यावर) आरजीबी मिक्सर घ्या. निळ्यातला थोडा भाग हिरव्यात आणि त्याहून कमी लालात टाका, ०.१५ आणि ०.०८ पासून सुरुवात करून डोळ्याने ठरवा. मग ह्यू व्हर्सेस सॅटमध्ये (एकेका रंगाचं सॅच्युरेशन बदलणारा आलेख) निळा खाली. ७०९ मध्ये आणल्यानंतर हे केलं तर जे कापलं गेलंय ते परत येत नाही. आणि निळा चॅनल सेन्सरवरच सांडला असेल तर कुठल्याच नोडने येत नाही. तो शॉट लांबचा वापरा, क्लोजअप टाळा.

लुकलुकीचं वेगळं. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणून ट्यूब आणि साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ फ्रेम, शटर १/५० ठेवलं की ते दिसत नाही. पण डिमरवरच्या एलईडी पारची स्वतःची वारंवारता असते. १/५० वरही पट्टे सरकताना दिसले तर शटर थोडं थोडं बदलून पट्टे थांबतात का बघा. डीफ्लिकर (लुकलुक काढणारं साधन) फक्त पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीत आहे, नॉइज रिडक्शनही तसंच. त्यामुळे मोफतवाल्यांनी हे मंडपातच निस्तरायचं.

खाडीकाठ

रापण, हे ७.२ टक्क्यांचं गणित डोक्यात बसलं. वेव्हफॉर्म ३० वर बघूनच आयएसओ वाढवत होतो.

आयफोनच्या क्लिप टाइमलाइनवर टाकल्या की पांढऱ्या जळलेल्या दिसतात. तेही रेंजमुळेच का?

जांभा

नाही, ते एचडीआर (उजेडाचा जास्त पल्ला धरणारं चित्रण). आयफोन १२ पासूनचे फोन डॉल्बी व्हिजन एचडीआरमध्ये चित्रण करतात, आतला गॅमा एचएलजी. रिझॉल्व्हने ते साधं ७०९ समजलं की आभाळ आणि पांढरे कपडे जळतात. त्या क्लिपवर कलर स्पेस ट्रान्सफॉर्म लावा: इनपुट कलर स्पेस रेक.२०२०, इनपुट गॅमा रेक.२१०० एचएलजी, आउटपुट रेक.७०९ आणि तुमचा गॅमा, टोन मॅपिंग 'डाव्हिंची'.

त्याहून सोपं, फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये रेकॉर्ड व्हिडिओखाली एचडीआर व्हिडिओ बंद करा. शेवटी एसडीआरच (साधं, एचडीआर नसलेलं) द्यायचं असेल तर त्या एचडीआरचा उपयोग काय?

शिवाय फोनचा फ्रेमरेट स्थिर नसतो. तासाभराच्या नाटकात आवाज आणि ओठ सुटे होऊ लागले तर क्लिप आधी हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून घ्या.

पोफळीची सावली

रात्रीचं बरंच झालं, दिवसाचंही बघू. कोकणात व्हाइट बॅलन्स फसतो तो तीन कारणांनी.

जांभा दगड. चिऱ्याचं अंगण किंवा तांबडी वाट खालून उन्हाचा लालसर उजेड फेकते. हनुवटी आणि गळा तांबूस, कपाळ ठीक.

झाडोरा. माडा-पोफळीच्या बागेत वरून हिरवा उजेड गळतो. चेहरे आजारी दिसतात. पूर्ण चित्रात मॅजेंटा घातला तर चेहरा सुधारतो, पण आभाळ आणि पांढऱ्या भिंती गुलाबी होतात. क्वालिफायरने (ठरावीक रंग निवडणारं साधन) त्वचा वेगळी काढून तेवढ्यातच हिरवा कमी करा. व्हेक्टरस्कोपवर (रंगाची दिशा दाखवणारा गोल आलेख) त्वचेचा ठिपका लाल आणि पिवळ्याच्या मधल्या रेषेजवळ आला की थांबा. माणूस गोरा असो की सावळा, दिशा जवळपास तीच राहते. फरक उजेडात असतो. सावळ्या चेहऱ्याला वेव्हफॉर्मवर ४० ते ५५ चं घर द्या, ६५-७० ला नेऊन राख फासल्यासारखा करू नका.

तिसरं, नीळ. पांढरा म्हणून पुजाऱ्याच्या किंवा सूत्रधाराच्या धोतरावर पिकर (पांढरा कुठला ते दाखवायचं साधन) टाकतात. नीळ दिलेलं धोतर मुळात निळसर असतं. वर डिटर्जंटमधली चमक उन्हात आणखी निळा टाकते. पिकर ते पांढरं करायला जातो आणि सगळं चित्र पिवळं पडतं. त्यापेक्षा १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड प्रत्येक जागी पाच सेकंद धरा. एस-लॉग३ मध्ये ते ४१ टक्क्यांवर बसायला हवं. रेक.७०९ च्या वक्रातही तोच आकडा येतो, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपं.

पावसाळी हिरवळीचा सगळ्यात मोठा शत्रू सॅच्युरेशनची मोठी कळ. श्रावणातली भातशेती आधीच सॅच्युरेशनच्या काठावर असते. ह्यू व्हर्सेस सॅटमध्ये हिरवा १५-२० टक्के खाली आणा. शेत प्लास्टिकचं न दिसता शेताचं दिसतं.

रापण

चौथं कारण मी जोडतो, खारं वारं. किनाऱ्यावर अर्ध्या तासात लेन्सवर खाऱ्या तुषारांचा पापुद्रा बसतो. प्रकाश पसरतो, काळा उचलला जातो, आणि घरी येऊन लोक ते डीहेझने (धुकं काढणारं साधन) खेचतात. खेचलं की आभाळातले पट्टे आणि नॉइज दोन्ही वर येतात. लेन्स कोरड्या फडक्याने पुसू नका, मिठाचे कण काचेवर घासतात. आधी फुंकणी, मग लेन्सच्या द्रवाने ओलं केलेलं मायक्रोफायबर. आणि एसी गाडीतून कॅमेरा थेट दमट हवेत काढला की काचेवर दव धरतं, ते जाईपर्यंतचं चित्रण फुकट. पिशवी बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा.

तरंगमापी

मिठावरून पट्ट्यांकडे. ८ बिट लिमिटेडमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २२० पायऱ्या. सूर्यास्ताचं आभाळ समजा एकूण पल्ल्याच्या १० टक्क्यांतच सरकतंय, म्हणजे २२ पायऱ्या. त्या हजार पिक्सेलांवर पसरल्या तर प्रत्येक पायरी ४५ पिक्सेल रुंद. डोळ्याला पट्टा दिसणारच. वर कर्व्हने कॉन्ट्रास्ट ताणला की पायऱ्यांमधली उंची वाढते, संख्या नाही.

म्हणून चित्रण १० बिटमध्ये करा. ते जमत नसेल तर किनाऱ्यावर लॉग वापरूच नका. ८ बिट लॉग ताणण्यापेक्षा कॅमेऱ्यातलं साधं ७०९ प्रोफाइल बरं. आभाळ ताणायचं नाही, जमीन-पाणी वेगळं मास्क करून तेवढंच ताणायचं. शेवटच्या नोडवर हलका ग्रेन (बारीक कण) द्या, तो पायऱ्यांच्या कडा मोडतो.

पण ग्रेन यूट्यूबचं कॉम्प्रेशन खातं. त्याला उपाय म्हणजे १०८० ची टाइमलाइन असली तरी १४४० किंवा ४के करून चढवणं. वरच्या आकाराला यूट्यूब जास्त बिटरेट (सेकंदाला मिळणारी माहिती) देतं. लाटा, पाऊस आणि वाऱ्यात हलणाऱ्या झावळ्या हे तिन्ही कॉम्प्रेशनचे वैरी, त्यामुळे आपल्याकडच्या चित्रणाला हा फरक जास्तच जाणवतो.

निर्यात: एच.२६४, २५ फ्रेम, कलर स्पेस टॅग रेक.७०९, गॅमा टॅगही रेक.७०९ (काम २.२ वर केलं असलं तरी). बिटरेट यूट्यूबच्या शिफारशीनुसार १०८० ला ८ एमबीपीएस, १४४० ला १६, ४के ला ३५ ते ४५. नेट धड असेल तर दीडपट द्या, गावातल्या मोबाइल नेटवर चढवायचं तर १४४० ला १६ पुरे. घरात ठेवायची मूळ प्रत डीएनएक्सएचआर एचक्यूमध्ये (कमी दाबलेलं स्वरूप) काढा. पुढच्या वर्षी त्यातून तुकडे घेताना एच.२६४ पुन्हा कॉम्प्रेस करावं लागत नाही.

खाडीकाठ

निर्यातीत डेटा लेव्हल्स 'फुल'च होतं. 'ऑटो' करून जुन्या डेस्कटॉपवर पाहिलं, पोशाखाच्या चुण्या दिसतात. १८६ ची चाचणीही केली, स्क्रीनवर रेघा स्पष्ट उजळ दिसतात. म्हणजे लॅपटॉपचा गॅमा २.२ च्या वर आहे.

जांभा

मग तुम्ही आजवर सावल्या गरजेपेक्षा उचलत होता, आणि मॅकवरच्या फिकेपणात त्याचाही वाटा आहे. विंडोजमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' शोधा. तिथे गॅमाची पट्टी आहे, ती हळूहळू वर नेत १८६ जुळवा. ग्राफिक्स ड्रायव्हरमध्येही गॅमा बदललेला असेल तर आधी तो मूळ जागी आणा, नाहीतर दोन दुरुस्त्या एकावर एक बसतात. जुने प्रोजेक्ट उघडून पुन्हा बघा, बहुतेक शॉटांत लिफ्ट (सावल्या वर-खाली करणारी कळ) थोडं खाली आणावं लागेल.

काजूबोंड

एक राहिलं. लोक व्हॉट्सॲपवरच मागतात, तिथे काय करायचं?

तरंगमापी

व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबून लहान करतं. सावल्यांत चौकोन पडतात आणि गुलालाच्या कडा पसरतात, कारण ४:२:० मध्ये रंगाची माहिती मुळातच चार पिक्सेलांना मिळून एक असते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी जाते. फार मोठी असेल तर ७२० ची, ४ एमबीपीएसची वेगळी प्रत काढून तीही डॉक्युमेंट म्हणूनच. त्या प्रतीत ग्रेनचा नोड बंद ठेवा, एवढ्या बिटरेटला ग्रेन परवडत नाही.